गर्भवतीस जडणारा एक संसर्ग व आपले कर्तव्य

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात सावदा येथे एका स्त्रीरोगतज्ज्ञ भगिनीने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



स्वागत समितीने मला व्याख्यानाचा विषय विचारला, तेव्हा 'गर्भवतीचा आहार' किंवा 'बाळाचे संगोपन' असे काही मी कळवीन अशी समितीची अपेक्षा असावी. हे विषय चांगलेच आहेत; परंतु त्यांवर पुष्कळ बोलले गेले आहे, आणि आपल्या घरांतील सासवांना व आयांना त्यांतले बरेचसे माझ्याहून अधिक कळते. ज्या गोष्टीविषयी घरात कोणी तोंड उघडीत नाही आणि म्हणूनच जिच्याविषयी नाही नाही त्या कल्पना पसरतात, अशा एका गोष्टीवर बोलावे असे मी ठरविले. चिटणीसांनी विषय वाचून क्षणभर माझ्याकडे पाहिले, आणि मग निमूटपणे तो कार्यक्रमपत्रिकेत छापला, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. मागील रांगांतील पुरुष मंडळींना एक विनंती. विषय बायकांचा आहे असे समजून आपण उठून जाऊ नये. तो निम्मा आपलाही आहे, हे थोड्याच वेळात आपल्या ध्यानात येईल.

विषाणू म्हणजे काय, हे रावेर-यावल भागातील बागाईतदारास शिकवावे लागत नाही. केळीवर 'हरण्या' आला म्हणजे पानांवर पिवळ्या रेषा उमटतात, पोंगा कुजतो, आणि मावा किडीच्या द्वारे तो एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. त्यावर औषध नाही. झाड मुळासकट उपटून बागेबाहेर नेऊन नष्ट करणे एवढाच उपाय उरतो, आणि तो आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांत पाणी आणून केलेला आहे. मी ज्या विषाणूविषयी बोलणार आहे त्याचे नाव मानवी पॅपिलोमा विषाणू. वैद्य मंडळी त्यास एच. पी. व्ही. म्हणतात. तोही विषाणूच, आणि त्याला मारणारे औषधही अद्याप नाही. परंतु साम्य येथे संपते. हरण्या लागलेले झाड स्वतःहून कधी बरे होत नाही. स्त्रीच्या शरीरात शिरलेला हा विषाणू मात्र शंभरांपैकी सुमारे नव्वद वेळा, एक-दोन वर्षांच्या आत, तिच्या शरीराच्या स्वाभाविक प्रतिकारशक्तीनेच नाहीसा होतो. तिला त्याची गंधवार्ताही नसते. केळीचा न्याय सुनेला लावू नका, हे मला आज मुख्यतः सांगावयाचे आहे. ते अशा शब्दांत का सांगावे लागते, तेही सांगते.

ह्या विषाणूचे २०० हून अधिक प्रकार शास्त्रज्ञांनी ओळखलेले आहेत. पुष्कळसे प्रकार हातापायांवर साध्या चामखिळी उठवितात. सुमारे ४० प्रकार जननमार्गात वस्ती करतात, आणि ते शरीरसंबंधाच्या वेळी त्वचेचा त्वचेशी स्पर्श होऊन एकाकडून दुसऱ्याकडे जातात. ह्या चाळिसांत पुन्हा दोन कुळे आहेत. ६ व ११ ह्या क्रमांकांचे प्रकार गुप्तांगावर चामखिळी आणतात. त्या दिसावयास ओंगळ, पण त्यांतून कर्करोग होत नाही. १६ व १८ हे क्रमांक मात्र दिसत काहीच नाहीत, आणि गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगापैकी सुमारे सत्तर टक्के त्यांच्यामुळे होतात. हा संबंध जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड त्सूर हाउसेन यांनी दाखवून दिला. १६ व १८ हे प्रकार त्यांच्या प्रयोगशाळेत १९८३ व १९८४ साली सापडले, आणि २००८ साली त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. जे डोळ्यांना दिसते त्याने घर हादरते, आणि जे खरोखर घातक ते गुपचूप बसून राहते, हा ह्या रोगाचा विपरीत स्वभाव आहे. आपली सगळी गफलत ह्यातूनच होते.

काही वर्षांपूर्वी सातव्या महिन्यातील एक मुलगी तपासणीस आली. पहिली खेप. बसताना त्रास होतो एवढेच तिने सांगितले. पाहिले तर चामखिळींचा फुलकोबीसारखा पुंजका. सोबत सासूबाई व पती होते. मी रोगाचे स्वरूप समजावून सांगितले, आणि पतीनेही तपासून घ्यावे असे सुचविले. त्या गृहस्थांनी एकच प्रश्न विचारला: "हे कोणाकडून आले?" सातव्या महिन्याचे ओटीभरण त्या घरात झाले नाही. मुलगी बाळंतपणाला माहेरी गेली, सुखरूप बाळंत झाली, मुलगा झाला. आणि बारसे होऊन कित्येक महिने लोटले तरी तिला न्यावयास कोणी आले नाही. शेवटी दोन्हीकडच्या मामांनी मध्यस्थी केली तेव्हा ती नांदावयास गेली. चामखिळी बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांत आपोआप सुकून गेल्या होत्या. पती तपासणीस आला नाही, तो नाहीच.

"कोणाकडून आले" ह्या प्रश्नाला वैद्यकशास्त्राजवळ उत्तर नाही, हे मी येथे सर्वांसमक्ष सांगते. हा विषाणू शरीरात कित्येक वर्षे निद्रिस्त राहू शकतो. पुरुषाच्या अंगी तो बहुधा कोणतेही चिन्ह न दाखविता असतो, आणि पत्नीला देऊन स्वतः निर्धास्त राहतो. ज्यांचा शरीरसंबंध कधीही आलेला आहे अशा बहुतेक स्त्रीपुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा त्याची बाधा होऊन गेलेली असते. ह्या मंडपातील बहुतेक विवाहितांना झालेली असेल, मीही त्यात आले. असे असता गर्भवतीच्या अंगावर आज उठलेल्या चामखिळीवरून तो कोणत्या वर्षी व कोणामार्फत आला हे सांगता येत नाही. जो सांगू म्हणेल तो वैद्य नव्हे. मग ती नेमकी गरोदरपणातच का दिसते? ह्याचे उत्तर मात्र आहे. गर्भ टिकावा म्हणून निसर्ग ह्या काळात स्त्रीच्या प्रतिकारशक्तीत काही फेरबदल करतो. अंतःस्रावांचे प्रमाण वाढते, जननमार्गाचा रक्तपुरवठा वाढतो. निजलेला विषाणू अशा वेळी जागा होतो, आणि वाटाण्याएवढी चामखीळ पाहता पाहता सुपारीएवढी होते. म्हणजे जो काळ स्त्रीच्या सत्कारात जावा, त्याच काळात शरीराच्या एका स्वाभाविक व्यवहारामुळे तिच्यावर संशयाचा डाग लागतो. पुरुष मंडळींना मी थांबवून धरले ते ह्यासाठी.

आता बाळाविषयी. "पोटातले मूल खराब झाले असेल, तर पुढे काय?" असे दबक्या आवाजात मला विचारले जाते, आणि त्यामागचा अर्थ मी ओळखते. जर्मन गोवर गर्भवतीस झाला तर मुलात व्यंग येऊ शकते, हे खरे आहे. हा विषाणू तशा जातीचा नाही. त्याने गर्भात व्यंग निर्माण होते असे आढळलेले नाही. ह्या कारणासाठी गर्भ पाडण्याचा विचार मनात आणणे म्हणजे सोंडकिडा दिसला म्हणून घर जाळणे होय.

एक धोका आहे, तो लपवीत नाही. प्रसूतीच्या वेळी ६ किंवा ११ क्रमांकाचा विषाणू क्वचित बाळाच्या घशात जातो, आणि पुढे काही महिन्यांनी वा वर्षांनी स्वरयंत्रावर तशाच गाठी वाढतात. आवाज घोगरा होतो, श्वास घेताना घरघर लागते, आणि त्या गाठी पुन्हा पुन्हा काढाव्या लागतात. आजार त्रासदायक आहे, परंतु दुर्मिळ आहे. डेन्मार्क देशात १९७४ ते १९९३ ह्या काळातील प्रसूतींची नोंद तपासली गेली. ज्या मातांना गुप्तांगावर चामखिळी होऊन गेल्या होत्या, त्यांच्या दर हजार प्रसूतींत सुमारे सात बालकांना हा विकार झालेला आढळला. म्हणजे चामखिळी असलेल्या मातांतही नऊशे नव्वदांहून अधिक बालके निर्वेध होती. त्याच पाहणीत असेही दिसले की, पोट फाडून प्रसूती केल्याने हा धोका टळला असे म्हणता येत नाही. म्हणून केवळ चामखिळी आहेत एवढ्याच कारणास्तव सिझेरियनचा आग्रह कोणी धरू नये, आणि कोणी तसा सल्ला दिला तर कारण नीट विचारून घ्यावे. पुंजका एवढा मोठा असेल की मुलाची वाटच अडेल, किंवा फाटून फार रक्तस्राव होईल, तर सिझेरियन करावेच लागते. तो निर्णय प्रसूतितज्ज्ञाचा. एरवी नाही. मात्र अशा मातेच्या बाळाचे रडणे घोगरे येऊ लागले आणि ते सर्दी गेल्यावरही तसेच राहिले, तर दृष्ट काढीत न बसता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे, आणि आईला चामखिळी होत्या हे न लाजता सांगावे.

उपचारांविषयी थोडक्यात. पुष्कळदा काहीच न करता बाळंतपणापर्यंत थांबणे हाच उत्तम उपचार असतो. काढणे भाग पडले तर विशिष्ट आम्ल जपून लावणे, थंडीने गोठविणे किंवा लहानशी शस्त्रक्रिया, हे गर्भवतीला चालते. एरवी चामखिळीवर लावावयास मिळणारी काही औषधे, विशेषतः पोडोफायलिन, गरोदरपणात वर्ज्य आहेत. यास्तव शेजारणीच्या मुलीला गुण आलेली बाटली आपल्या मुलीला लावू नये. चुना लावणे, घोड्याचा केस बांधणे, हे हातावरच्या चामखिळीलासुद्धा करू नये. मग त्या नाजूक जागी तर नाहीच नाही.

येथवर मी जे बोलले ते भय कमी करण्यासाठी. आता जे बोलणार आहे ते भय थोडे वाढविण्यासाठी आहे, कारण आपण भलत्या ठिकाणी भितो आणि जेथे भ्यावयास हवे तेथे निश्चिंत असतो.

दुसरे कूळ आठवा: १६ व १८. ते चामखीळ आणीत नाही, खाज आणीत नाही. बहुतेकींच्या शरीरातून तेही निघून जाते. ज्या थोड्या स्त्रियांत ते ठाण मांडते, त्यांच्या गर्भाशयाच्या मुखावरील पेशी हळूहळू बदलू लागतात, आणि पंधरा-वीस वर्षांनी त्यांतून कर्करोग उभा राहतो. भारतात २०२२ साली सुमारे सव्वा लाख स्त्रियांना हा कर्करोग नव्याने झाला आणि सुमारे ऐंशी हजार स्त्रिया त्याने दगावल्या, असा जागतिक कर्करोग-संशोधन संस्थेचा अंदाज आहे. पंधरा-वीस वर्षे सावध होण्याची सवड देणारा दुसरा कर्करोग क्वचितच सापडेल. आणि तरी एवढ्या स्त्रिया जातात.

ह्याचे कारण आपल्या घरांच्या रीतीत आहे. आपल्याकडे स्त्री दवाखान्याची पायरी चढते ती गरोदरपणी. नऊ महिने तिची तपासणी होते, लोह दिले जाते, वजन घेतले जाते. दोन मुले झाली, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया उरकली, की पंचविशी-अठ्ठाविशीत तिचा स्त्रीरोगतज्ज्ञाशी असलेला संबंध संपतो. त्यानंतर पांढरे जावो, अधेमध्ये लाल जावो, संबंधानंतर रक्त दिसो, ती सारे अंगावर काढते. आणि कर्करोग येतो तो चाळिशी ते साठीत, मुलांची लग्ने करण्याच्या वयात. गरोदरपण ही म्हणून तिच्या आयुष्यातील अशी एक खिडकी आहे की जिच्यातून डॉक्टरला तिच्या गर्भाशयाचे मुख पाहता येते. गरोदरपणात पॅप तपासणी करता येते. त्यात बाळाला धोका नाही. त्यात पेशींचा बदल दिसला तर दुर्बिणीने पाहून खात्री करता येते. कर्करोग नाही अशी खात्री झाली, की पुढचे उपचार बाळंतपणानंतर करावयाचे असतात, कारण ह्या अवस्थेतील बदल फार मंद गतीने पुढे जातात, आणि कित्येकदा प्रसूतीनंतर मागेही फिरतात. गरोदरपणात रक्त दिसले तर मात्र 'गर्भाचेच असेल' असे आपल्या मनाने ठरवू नये. ह्या काळात कर्करोग सापडणे विरळा आहे. पण सापडतो तेव्हा अनेकदा ह्याच समजुतीमुळे उशीर झालेला असतो.

"बाळंतपणानंतर पुन्हा या," असे डॉक्टर कागदावर लिहून देतात. तो कागद कोठे जातो? बाळाच्या नावाने दीड महिन्याची लस असते. ती आपल्या समाजात सहसा कोणी चुकवीत नाही, याचा मला अभिमान वाटतो. आजी तारीख मोजते, आजोबा गाडी काढतात, आणि बाळाला लस टोचून सारे घरी परततात. आई त्याच दवाखान्यात, त्याच बाकावर, बाळाला मांडीवर घेऊन बसलेली असते; तिला आत कोणी बोलावीत नाही आणि ती आपण होऊन सांगत नाही. सव्वा महिन्याचे न्हाणे होऊन ती 'शुद्ध' झाली, घरात शिवाशीव सुरू झाली, एवढ्याने आपण तिला बरी समजतो. आपल्या पूर्वजांचा सव्वा महिना आणि वैद्यकाचे सहा आठवडे ह्यांत चारपाच दिवसांचेच अंतर आहे. गर्भाशय पूर्वस्थितीला येण्यास तेवढा काळ लागतो, हे जुन्या सुइणींनी अनुभवाने जाणले होते. विटाळाची कल्पना आपण सोडून द्यावी, ती सोडण्यासारखीच आहे. दिवस मोजण्याची सवय तेवढी ठेवावी. बाळाच्या दीड महिन्याच्या लशीच्या दिवशी आईनेही डॉक्टरांना दाखवावे. गरोदरपणात चामखीळ किंवा पेशींचा दोष आढळला असेल तर अवश्यमेव. काही तपासण्या प्रसूतीनंतर तीन महिन्यांनीच करतात. तसे असेल तर डॉक्टर ती तारीख देतील, आणि आजोबांनी त्या दिवशीही गाडी काढावी.

खेड्यापाड्यांतील स्त्रियांना एवढ्या तपासणीचा खरोखर उपयोग होतो काय, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर परदेशातून आणावयाचे कारण नाही. ते आपल्याच राज्यात, बार्शीजवळ मिळालेले आहे. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय संस्था यांनी मिळून त्या वेळच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यात १९९९ पासून एक मोठी पाहणी केली. खेड्यांचे ५२ गट केले, आणि ३० ते ५९ वयाच्या सुमारे एक लक्ष एकतीस हजार स्त्रियांची नोंद घेतली. ज्वारी-तुरीच्या शेतात राबणाऱ्या त्या स्त्रिया आपल्या स्त्रियांहून वेगळ्या नव्हत्या. एका गटातील ३४,१२६ स्त्रियांसाठी ह्याच विषाणूची चाचणी ठेवली, तीही आयुष्यात एकदाच. आठ वर्षांत त्या गटात ह्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. ज्या गटात नेहमीच्या व्यवस्थेपलीकडे काही केले नव्हते, तेथील ३१,४८८ स्त्रियांत ६४ झाले. हा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला आणि जगभर त्याचा आधार घेतला गेला. तपासणीविना ठेवलेल्या त्या गटाविषयी पुढे नैतिक वाद झाला, आणि तो व्हावयासच हवा होता असे माझे मत आहे. त्या चौसष्ट स्त्रियांच्या मरणातून जे ज्ञान मिळाले, ते आपण वापरले नाही तर त्या वादाचाही काही उपयोग नाही. शासनाच्या योजनेत तिशीपुढील स्त्रियांची अशी तपासणी सरकारी आरोग्यकेंद्रांत होते. गर्भाशयाच्या मुखास सौम्य आम्ल लावून पाहतात, पाच मिनिटांचे काम असते. सुनेला दीड महिन्याच्या तारखेला न्याल, तेव्हा सासूबाईंनीही आपली तपासणी करून घ्यावी. वय त्यांचेच आहे.

लशीविषयी पुष्कळ चिठ्ठ्या आल्या आहेत. ही लस मुलींना ९ ते १४ ह्या वयात द्यावयाची. २००९-१० साली खम्मम व बडोदे भागातील मुलींना ती देत असता काही मुलींचे मृत्यू झाले व काम थांबले, हे अनेकांच्या स्मरणात आहे. ते मृत्यू लशीमुळे झाले असे चौकशी समितीला आढळले नाही. पालकांची संमती घेण्यातील दोष मात्र खरे होते, आणि त्यांबद्दल रोष वाटणे योग्यच होते. त्याच वेळी बार्शी, पुणे, मुंबई वगैरे ठिकाणी लशीचा अभ्यास चालू होता, तोही मध्येच थांबला, आणि हजारो मुलींना एकच मात्रा मिळाली. पुढे दहा वर्षे त्या मुलींवर लक्ष ठेवले, तेव्हा एका मात्रेनेही १६ व १८ यांच्या चिवट संसर्गापासून तीन मात्रांइतकेच संरक्षण मिळते असे २०२१ साली दिसून आले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली एक मात्रा पुरेशी असू शकते असे म्हटले, त्यामागे महाराष्ट्रातील ह्या मुलींचाही वाटा आहे. पुण्याच्या सीरम संस्थेने स्वदेशी लस तयार करून जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आणली. गर्भवतीला मात्र ही लस देत नाहीत. गर्भ आहे हे न कळता टोचली गेली तर घाबरू नये. त्याने अपाय झाल्याचे आढळलेले नाही, फक्त उरलेल्या मात्रा बाळंतपणानंतर घ्याव्यात. अंगावर पाजणाऱ्या आईला ती घेता येते.

एका भगिनीने नाव न घालता चिठ्ठी पाठविली आहे की, अशा आईने बाळाला पाजावे किंवा नाही. अवश्य पाजावे. दुधातून ह्याची बाधा होते म्हणून दूध तोडण्याचे काहीही कारण नाही. तिचे ताटवाटी वेगळे करण्याचे, बाळ आजीजवळ निजविण्याचेही कारण नाही. हात स्वच्छ धुवावेत. ते सर्वांनीच धुवावेत.

वेळ संपल्याची घंटा चिटणीसांनी दोनदा वाजविली आहे. फराळानंतर मंगल कार्यालयाच्या मागील खोलीत मी तासभर बसणार आहे. भगिनींनी एकेकीने यावे, कोणाला नाव विचारले जाणार नाही. बंधूंनी आपले प्रश्न चिठ्ठीवर लिहून चिटणीसांजवळ द्यावेत. ज्यांना स्वतःची तपासणी करून घ्यावयाची असेल, त्यांनी कोणत्या डॉक्टरांकडे जावे ते मी त्याच चिठ्ठीच्या मागे लिहून परत पाठवीन.